ओटी, शिंके आणि सुंभ : जनावरांसह नांदणाऱ्या घराच्या लाकूडसामानाचा इतिहास

🧵 पनवेलमध्ये नव्या सदनिकेत राहावयास आलेल्या कुटुंबाला दोन प्रश्न हमखास पडतात. घरात मांजर किंवा कुत्रा असताना कोणते सामान टिकेल? आणि बाल्कनीत पावसाळ्यातही तग धरेल असे बसण्याचे काय ठेवावे? आमच्या घरातील मांजरीने सहा महिन्यांत सोफ्याच्या एका बाजूचा स्पंज उघडा केला, तेव्हा हे प्रश्न मलाही पडले. उत्तर शोधताना मात्र मी दुकानाऐवजी इतिहासाकडे वळलो. त्या शोधाचा हा थ्रेड.

१/ प्रथम भूगोल. पनवेल खाडीच्या काठी वसलेले गाव आहे. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, चार महिने न वाळणारी हवा, खारा वारा, आणि लाकडाच्या मुळावर उठलेली वाळवी. अशा ठिकाणी ‘टिकाऊ’ या शब्दाचा अर्थ पुण्या-सोलापूरच्या कोरड्या हवेतील अर्थापेक्षा वेगळा होतो. येथे लोखंड गंजते, गादीला बुरशी येते आणि स्वस्त लाकूड दोन पावसाळ्यांत भुसभुशीत होते. कोकणच्या जुन्या घराने या तिन्ही संकटांना आणि घरातील जनावरांना एकत्रितपणे तोंड दिले होते. ते कसे, हे पाहू.

२/ जुन्या घरात आजच्या अर्थाचे ‘फर्निचर’ फारसे नव्हते. जेवावयास पाट, देवासाठी चौरंग, निजावयास बाज किंवा माचा, बैठकीसाठी सतरंजी, गादी आणि तक्के, माजघरात झोपाळा, एवढाच पसारा. शब्दच याची साक्ष देतात. ‘खुर्ची’ हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. ‘अलमारी’ आणि तिची ‘बिजागरी’ हे पोर्तुगीजांचे देणे. ‘टेबल’ आणि ‘कोच’ इंग्रजांबरोबर आले. वस्तू जिच्याबरोबर आली, तिचे नावही त्याच गलबतातून उतरले.

३/ आता जनावरे. भाताच्या प्रदेशात मांजर हौसेसाठी पाळले जात नव्हते. कणगीतील धान्य उंदरांपासून राखणे हे तिचे काम होते. कुत्रा ओट्यावर राखणीला असे आणि गाय-बैल घराला लागून असलेल्या गोठ्यात. म्हणजे जनावर घरातील पाहुणा नव्हते, कामकरी होते. त्यामुळे ‘जनावराला सोसेल असे सामान’ हा निराळा विचार करण्याची गरजच नव्हती. सारे घरच त्या विचाराने बांधलेले असे.

४/ याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे शिंके. आढ्याला टांगलेले दोरीचे जाळे, आणि त्यात दूध, दही, लोणी यांची भांडी. ते हवेत लटकत असल्याने मांजराला चढण्यास आधार मिळत नाही, मुंग्यांची वाट लांबते आणि खालून वारा खेळता राहतो. ‘शिंके तुटले आणि बोक्याचे फावले’ ही म्हण आपण सहज वापरतो. पण ती घरसामानाच्या इतिहासाचा एक दस्तऐवजही आहे. बोक्याच्या स्वभावाचा अभ्यास करून घडवलेली ही वस्तू होती, आणि दोरी जीर्ण झाली की काय होते याचा अनुभवही त्या म्हणीत साठला आहे.

५/ पुढे शिंक्याची जागा जाळीच्या कपाटाने घेतली. चार बाजूंना बारीक तारेची जाळी, दाराला कडी, आणि पायांखाली पाण्याने भरलेल्या वाट्या. जाळीमुळे हवा आत जाई आणि मांजर बाहेर राही. वाट्यांतील पाण्यामुळे मुंग्या वर चढत नसत. शीतकपाट घरोघरी येईपर्यंत हे कपाट स्वयंपाकघरात उभे होते. कित्येकांच्या आजोळी ते आजही असेल, बहुधा जुन्या वर्तमानपत्रांनी भरलेले.

६/ जमीनही असाच विचार सांगते. शेणाने सारवलेली जमीन जनावरांच्या नखांनी उकरली जाई, पण पुढच्या सारवणात पुन्हा नवी होई. ओट्याच्या कडेचा दगडी वा चिऱ्याचा कट्टा ओला झाला, कुत्रा त्यावर लोळला, तरी एक घागर पाणी ओतले की स्वच्छ. गोव्यातील जुन्या घरांपुढे, प्रवेशाच्या दोन्ही बाजूंना जी बांधीव आसने असतात, त्यांचेही तत्त्व हेच. घराबाहेर बसण्याची सर्वांत टिकाऊ वस्तू गवंडी बांधतो. ती उडत नाही, गंजत नाही आणि कुरतडली जात नाही.

७/ आता लाकडाकडे येऊ. येथे पनवेलचे स्वतःचे असे काही सांगण्यासारखे आहे. आगगाडीपूर्वीच्या काळात मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी होडीने पनवेलला उतरे आणि तेथून घाटाची वाट धरी. १८३० साली बोरघाटातून गाड्या जाऊ शकतील असा रस्ता खुला झाला आणि पनवेल हे बैलगाड्यांचे मोठे ठाणे बनले. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरांत पनवेलच्या उद्योगांमध्ये बैलगाडीच्या चाकांचा आवर्जून उल्लेख येतो. १८६३ साली रेल्वे बोरघाट चढली, पण ती कल्याण-कर्जतमार्गे. प्रवासी पनवेलला टाळून जाऊ लागले. सुतार मात्र राहिले.

८/ चाक करणाऱ्या सुताराला लाकूड जितके कळते, तितके क्वचितच कोणाला कळत असेल. तुंबा, आरे आणि वरची लोखंडी धाव, यांपैकी प्रत्येक भागावर येणारा ताण वेगळा. चिखल, ऊन, ओझे आणि धक्का हे सारे एकाच वस्तूने सोसावयाचे. असा सुतार जेव्हा घरासाठी बाज किंवा माचा घडवी, तेव्हा तो टिकाऊपणाची कसोटी रस्त्यावरून घेऊन आलेला असे. कुत्र्याने दात लावले तरी ज्याच्या पायाला ओरखड्यापलीकडे काही होत नाही असा जुना माचा आपण पाहतो, तेव्हा त्यामागे ही विद्या उभी असते.

९/ सागवान पाण्याला आणि वाळवीला का पुरून उरते? त्याच्या गाभ्याच्या लाकडात नैसर्गिक तेल असते. ते ओल आणि कीड या दोघांना दूर ठेवते. शिवाय त्यात ठोकलेला खिळा ओक वृक्षाच्या लाकडात जसा लवकर खातो, तसा खात नाही, कारण ओकमधील आम्ल लोखंडाला पोखरते. म्हणून जहाजबांधणीत सागाला मान मिळाला. मात्र हा गुण गाभ्याचा आहे. सालीलगतच्या फिकट लाकडात तो नसतो. आज ‘सागवान’ म्हणून विकत घेताना लाकडाचा रंग पाहावा, असे जुने सुतार सांगतात ते याचसाठी.

१०/ या गुणाची साक्ष आजही पाण्यावर तरंगते आहे. १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका मलबारी सागापासून बांधली गेली. दोनशेहून अधिक वर्षांनंतर ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे.

आणि येथे आपल्या विषयाला एक अनपेक्षित वळण मिळते. अशी जहाजे निवृत्त झाल्यावर मोडली जात. टेम्स नदीकाठी कॅसल नावाचा जहाजमोडणीचा व्यवसाय होता. त्याने युद्धनौकांच्या लाकडापासून बागेतील बाके आणि खुर्च्या बनवून विकल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इतरही जहाजमोड्यांनी हाच व्यापार केला.

११/ म्हणजे आज ‘पॅटिओ’साठी सागाचे बाक हवे असा जो आग्रह दिसतो, त्याची एक मुळी या तुटलेल्या जहाजांत आहे. मलबार आणि ब्रह्मदेशाच्या जंगलांतून लाकूड निघाले, त्याने साम्राज्याचे आरमार उभे केले, आणि शेवटी ते इंग्रज गृहस्थाच्या हिरवळीवर पावसात भिजत राहिले. त्या बाकाला रंग-रोगण न लावताही ते वर्षानुवर्षे टिकते, हे पाहून जगाने सागाला बागेचे लाकूड मानले.

१२/ पण हे लाकूड कोणाचे होते? हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार आला आहे. साग, शिसव यांसारखे वृक्ष परवानगीने तोडावेत. आंबा-फणसांची लाकडेही उपयोगाची, परंतु त्यांना हात लावू देऊ नये, कारण ती झाडे रयतेने पुष्कळ काळ जपून वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय. राज्याची गरज मोठी असली तरी झाडामागे माणूस आहे, ही जाणीव त्यात दिसते.

१३/ ब्रिटिश राजवटीत हे नाते बदलले. १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८७८ च्या वन कायद्याने जंगलांची राखीव, संरक्षित अशी वर्गवारी केली, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सरपण, गवत आणि घराची वासे-लाकडे जंगलातून आणली, ते एका रेषेने गुन्हेगार ठरू लागले. पनवेलच्या डोंगरपट्ट्यातील ठाकूर आणि कातकरी यांना त्याची सर्वाधिक झळ बसली. कातकरी या नावातच खैरापासून कात काढण्याचा व्यवसाय आहे. ज्याचे नाव झाडावरून पडले, त्यालाच झाडाची परवानगी मागावी लागली.

१४/ २५ सप्टेंबर १९३० रोजी पनवेलच्या शेजारी, आजच्या उरण तालुक्यातील चिरनेर येथे, अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात सत्याग्रही मृत्युमुखी पडले. आपण ‘टिकाऊ लाकूड’ म्हणतो, तेव्हा त्या शब्दाच्या मागे हेही आहे. पनवेलमध्ये राहणाऱ्या कोणालाही चिरनेरचे स्मारक पाहण्यास अर्धा दिवस पुरतो. अवश्य जाऊन यावे.

१५/ आता बसण्याच्या प्रश्नाची दुसरी, अधिक कठीण बाजू. जनावराला घरात कोठवर येऊ द्यावे, हे जुन्या घरात ठरलेले होते. गोठा, अंगण, ओटी, माजघर, देवघर. मांजराला जवळजवळ सर्वत्र मुभा, कुत्र्याला ओट्यापर्यंत. पण हीच पायऱ्यांची रचना माणसांनाही लागू होती. कोण ओटीवर बसेल, कोण पायरीखाली उभा राहील आणि कोणाची सावलीही अंगणात नको, हे जात ठरवी. कुत्रा ज्या पडवीत निर्धास्त झोपे, तेथे कित्येक माणसांना पाऊल टाकता येत नसे.

१६/ दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवले आहे की छत्रपती शाहू महाराजांनी, वाघाच्या शिकारीत आपला जीव वाचवणाऱ्या कुत्र्याला जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे त्या इमानी कुत्र्याची समाधी म्हणून एक जागा दाखवली जाते. कृतज्ञतेची ही कथा हृद्य आहे, यात शंका नाही.

१७/ त्याच साताऱ्यात, सुमारे दीडशे वर्षांनंतर, एक मुलगा शाळेत जाताना स्वतःचे गोणपाट बरोबर नेत असे. वर्गातील इतर मुलांबरोबर त्याला बसता येत नसे. कोपऱ्यात ते गोणपाट अंथरून तो बसे आणि संध्याकाळी ते घरी परत नेई, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला शिवण्यास तयार नव्हता. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लिखाणात त्यांनी हे सांगितले आहे. एका कुत्र्याला पालखी, आणि एका विद्यार्थ्याला गोणपाट. आसनांचा इतिहास लिहिताना या दोन वस्तू वगळता येणार नाहीत.

१८/ पनवेल पुढे ज्या कुलाबा जिल्ह्यात आले, त्याच जिल्ह्यातील महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, तेथे अस्पृश्यांना मज्जाव होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ सालीच संमत झाला होता. तरीही न्यायालयीन निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागण्यास १९३७ साल उजाडले. पशूला सवलत आणि माणसाला बंदी, ही विसंगती त्या लढ्याच्या केंद्रस्थानी होती.

१९/ म्हणून जुन्या ओटीचे आपण गोडवे गातो तेव्हा थोडे थांबावे. तिच्यातील कारागिरी घ्यावी, तिची पायरी घेऊ नये. आजही काही इमारतींत घरकामास येणाऱ्या बाईंना सोफ्यावर बसू दिले जात नाही आणि त्याच सोफ्यावर कुत्रा झोपलेला असतो. कुत्र्याचे तेथे झोपणे चूक नाही. चूक कोठे आहे, हे वाचकांना सांगावयास नको.

२०/ आता विसाव्या शतकाची दुरुस्ती. १९२३ साली गोदरेजचे पोलादी कपाट बाजारात आले. उंदीर, वाळवी आणि चोर या तिघांनाही ते उत्तर होते. खारी हवा मात्र त्याला सोसवत नाही. रंगाचा पोपडा उडाला की तेथून गंज सुरू होतो. पुढे प्लायवूड, सनमायका, रेक्झिन आणि स्पंज आले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई वाढत पनवेलला येऊन भिडली, आणि ओटीची जागा सदनिकेच्या बाल्कनीने घेतली. त्या बाल्कनीत आज बहुधा एकसंध प्लॅस्टिकची खुर्ची असते. ती धुता येते, गंजत नाही, कुत्र्याने चावली तरी मोडत नाही. पण उन्हाने एकदा तडकली की कोणताही सुतार ती सांधू शकत नाही.

२१/ येथे मला जुन्या आणि नव्या सामानातील खरा भेद दिसतो. जुने सामान न झिजण्यासाठी बनवलेले नव्हते. ते झिजल्यावर दुरुस्त करता यावे म्हणून बनवलेले होते. बाजेचे सुंभ ढिले झाले की पुन्हा आवळावे, तुटले तर नवे विणावे. गादी दबली की पिंजाऱ्याने कापूस पिंजून द्यावा. खुर्चीचा वेत फाटला की विणणारा दारावर येई. जमीन उकरली की सारवण. मांजराच्या नखांना या घरात शत्रू मानण्याचे कारण नव्हते, कारण नखांनी होणारे नुकसान आधीच हिशेबात धरलेले होते.

२२/ मांजर ओरबाडते ते खोडसाळपणाने नव्हे. नखावरचे जुने आवरण निघावे, अंग ताणले जावे आणि पंजांतील ग्रंथींचा वास त्या जागी उमटावा, यासाठी ते तिला आवश्यक आहे. तिला उभी, हलणार नाही अशी आणि खरखरीत वस्तू लागते. जुन्या घरात तिला लाकडी खांब होता आणि बाजेचे सुंभ होते. नव्या घरात तिला सोफ्याची बाजू मिळते. दोष मांजराचा नाही, आपण तिचा खांब काढून घेतला.

२३/ मग आज पनवेलच्या घरात काय करावे? इतिहासातून निघणारी उत्तरे साधी आहेत.

▪️ खांब परत द्या. कंबरेएवढ्या उंचीचा जड लाकडी ओंडका घेऊन त्यावर काथ्याचे सुंभ घट्ट गुंडाळा आणि तो सोफ्याच्या शेजारीच ठेवा. झिजला की सुंभ बदला.
▪️ बैठक घ्यावयाची तर गादी, तक्के आणि धुता येणारे अभ्रे असलेली घ्या. कापडाची वीण घट्ट असावी. सैल विणीत नख अडकते.
▪️ मांजर असलेल्या घरात वेताची खुर्ची हौसेने घेऊ नका. वेत म्हणजे तिच्यासाठी आयते सुंभ.
▪️ बाल्कनीत शक्य असेल तर बांधीव कट्टा, नाहीतर गाभ्याच्या सागाचे बाक. जुन्या घरांच्या मोडतोडीतून निघालेले साग मिळाले तर उत्तम, त्यासाठी नवे झाड पडत नाही.
▪️ लाकडाचे पाय ओल्या फरशीवर थेट टेकू देऊ नका. जाळीच्या कपाटाला वाट्या होत्या, तशा दगडी वा रबरी बैठका द्या.
▪️ खरेदीपूर्वी एक प्रश्न विचारा : हे मोडले तर पनवेलमध्ये कोण दुरुस्त करील? उत्तर ‘कोणी नाही’ असेल तर ती वस्तू कितीही मजबूत असो, टिकाऊ नव्हे.

२४/ ‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’ असे आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो. जुन्या सामाजिक पायऱ्यांबद्दलही ते खरे आहे. ओटी गेली, वाडे पडले, तरी कोणी कोठे बसावे याचा पीळ मनात शिल्लक राहतो. घरात नवी बैठक आणताना तो पीळ बाहेर ठेवता आला, तर ती बैठक खऱ्या अर्थाने टिकाऊ ठरेल. मांजरही त्यावर बसेल, आणि दारी आलेले माणूसही.

२५/ आपल्या घरी, आजोळी किंवा गावी शिंके, जाळीचे कपाट, सुंभाची बाज किंवा बैलगाडीचे चाक अद्याप असेल, तर त्याचे छायाचित्र खाली जरूर द्यावे. ते कोणी बनवले आणि कोणत्या लाकडाचे आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. अशा नोंदी आपण ठेवल्या नाहीत, तर त्या अन्य कोणी ठेवणार नाही. थ्रेड समाप्त. 🙏